सिस्टरला परत बोलावलंय

केज,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुवार्ता,

सप्रेम जय भीम, आणि तुझ्या वाटचा सलाम. नगरच्या गारठ्यानं तुझे गुडघे फार धरले नसतील आणि कानातलं यंत्र या वेळी तरी तू तांदळाच्या डब्यात विसरली नसशील, असं समजून लिहायला बसले आहे.

पोस्टातली मुलगी मला म्हणते, "बाई, आता कोर्ट आणि तुम्ही, दोघंच पत्रं पाठवता." तिला काय सांगू? फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि राहिलेल्या अर्ध्याला उत्तर देतेस. मागे मी 'शिलूची मुलाखत' म्हटलं, तर तू 'शिलूची मुलगी' ऐकलंस आणि बारशाचं विचारायला लागलीस. लग्न न झालेल्या पोरीचं बारसं! शिलू दोन दिवस हसत होती. तेव्हा पत्रच बरं. शनिवारी दुपारी बोर्डिंगात सिस्टर लुईजा आपल्याला घरी पत्रं लिहायला बसवायच्या, ती सवय हाताला अजून आहे. समास सोडायचा, शाई सांडायची नाही आणि आईवडिलांना काळजी वाटेल असं काही लिहायचं नाही.

इकडचं ठीक. आमच्या गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यावर गेली, दारांना कुलपं आहेत. शेजारच्या साखराबाईचा मुलगा आणि सून कोयते घेऊन कर्नाटकात गेले, म्हणून ती दिवसभर माझ्याच ओसरीवर असते. माझ्या शेंगा फोडते आणि माझीच खरडपट्टी काढते. "बाई, तुमी लई वाळल्या. खाता का न्हाई?" वयानं होतं, असं मी तिला सांगते.

आता मुद्द्याचं. तू इतकी वर्षं मेट्रन होतीस, किती मुली घेतल्यास, किती परत पाठवल्यास, म्हणून तुलाच विचारते. एकदा नाही म्हटलेल्या नर्सला हॉस्पिटलवाले परत बोलावतात का?

शिलूची, म्हणजे आपल्या सत्यशीलाची, गोष्ट आहे. अशोक विजयादशमीच्या आधल्या आठवड्यात अंबाजोगाईच्या एका नव्या खाजगी हॉस्पिटलात तिची मुलाखत होती. सोबत मीही गेले. तू पेपरात वाचलंच असशील, त्या पावसानं आमच्याकडे किती वाताहत केली. रस्ता तुटलेला, एसटी अर्ध्यात थांबली, पुढे काळीपिवळीत कोंबून गेलो. शिलूचा फोन भिजून बंद पडला, म्हणून तिनं तिथे माझाच नंबर दिला.

मुलाखत चांगली चालली होती म्हणे. सलाईन, इंजेक्शन, बाळंतपण, सगळं विचारलं. मग तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट म्हणाला, सिस्टर, माझं काय होईल? तर काय सांगाल?" आमची सत्यशीला म्हणाली, "खरं सांगीन." डॉक्टर हसले. "अहो, मग पेशंट पळून जाईल." मेट्रनबाई तिच्याकडे निरखून बघत होत्या. शेवटी म्हणाले, "कळवू."

आपल्याकडे 'कळवू' म्हणजे काय ते मला कळतं, तुला कळतं. मुलगी पाहायला आलेले पाहुणे चहाचा कप खाली ठेवून म्हणतात तेच ते. शिलूलाही कळलं. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर वाहून गेलेलं सोयाबीन बघत बसली होती.

आणि या गुरुवारी फोन आला. मी मागे कपडे वाळत घालत होते. फोन ओसरीवर वाजला आणि साखराबाईनं उचलला. मी येईपर्यंत ती दारात उभी, पदर कंबरेला खोचलेला.

"बाई! अवो बाई! दवाखान्यातून फोन आलता, आंबाजोगाईच्या. आपल्या शिष्टरला परत बोलीवलंय!"

"काय म्हणाली? नीट सांग."

"हेच की. शिष्टरला परत बोलीवलंय. बारा तारखंला, बुधवारी सकाळी. लई ग्वाड बोलत हुती बया."

शिलूनं जीएनएमचा नर्सिंग कोर्स केला तेव्हापासून सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणते. मग काय, साखराबाईनं गल्लीभर सांगितलं. कोणी पेढे आणले. नांदूरघाटहून वनमालावहिनीचा फोन आला, ती रडत होती. माझा भाऊ अनिल गेल्यापासून तिनं अंगणवाडीत मदतनीस राहून मुलीला शिकवलं आणि शिकायला माझ्याकडे ठेवलं. या वर्षी नोकरी लागली नाही तर शिलू पुण्याला जाणार आहे. तिथे एक ब्युरो आहे, म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून त्यांचं करायचं. मी आणि वहिनी दोघी त्याच भीतीत आहोत. अनोळखी घर, दार आतून बंद, आणि पोर एकटी. एवढं शिकून.

म्हणून ही नोकरी हवी. फार हवी.

संध्याकाळी शिलू घरी आली, तिला सांगितलं. ती एकदम उड्या मारील असं वाटलं होतं, पण माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खात्री करून घेते," आणि माझा फोन घेऊन रेंजसाठी गच्चीवर गेली. बराच वेळ आली नाही. खाली आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "लागत नाही गं आत्या. जाऊ थेट बुधवारी. आणि तू पण चल. मला एकटीला भीती वाटते."

शिलू आणि भीती! नंतर तिनं न सांगता माझ्या डोक्याला तेल लावून दिलं.

तर सांग मला, बोलावतात का परत? एकदा बाजूला काढलेल्या मुलीला? निवडलेली मुलगी सोडून गेली, पगार कमी पडला म्हणून पुण्याला गेली, असं होतं ना? तुमच्याकडे होत असे ना? नेमकं सांग. उगाच बरं वाटावं म्हणून नको.

त्या दिवशी मुलाखत होईपर्यंत मी खाली बाकावर बसले होते. तिथे बायकांसाठी कसलंसं शिबिर होतं, तेव्हा नंबर... ते जाऊ दे. लांबलं पत्र.

तुला आठवतं का, वर्ग चालू असताना पार्लरची, म्हणजे पाहुण्यांच्या भेटीच्या खोलीची, घंटा व्हायची? अवेळी घंटा झाली की सगळ्या मुलींचे हात लिहिता लिहिता थांबायचे. कुणाला बोलावलं असेल? आपल्याला तर नाही? आणि दुसऱ्या मुलीचं नाव आलं की आपल्याला हायसं वाटायचं, आणि तसं वाटलं म्हणून लाजही. कालपासून मला ती घंटाच आठवते आहे.

उलट टपाली लिही. बारा तारखेच्या आत.

तुझी,
यशो

•

केज,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय सुवार्ता,

तुझं पत्र आज दुपारी आलं. दारातच फोडलं, चष्म्याविना वाचायला गेले, मग आत येऊन वाचलं. पुन्हा वाचलं. आता डाळीच्या डब्यामागे ठेवलंय.

तू नेमकं लिहिलंस. मीच तसं मागितलं होतं. तू लिहितेस, "हो यशो, बोलवायचो. खूपदा बोलवायचो. पहिल्या मुली टिकत नाहीत आणि जिला नाही म्हटलं तीच पुढे वॉर्ड सांभाळते, हे मी कितीदा पाहिलंय. पण एक सांगू का? नाही म्हटलेल्या मुलीला आम्ही 'परत या' असं कधी म्हटलं नाही. तिला म्हणायचो, 'जागा झाली आहे, रुजू होणार का?' 'परत या' आम्ही पेशंटला म्हणतो. तू शिबिराचं वाक्य अर्धं का सोडलंस?"

इतक्या वर्षांनीही तू माझं खोडलेलं वाचतेस. शाळेतही वाचायचीस.

ठीक आहे. सांगते.

त्या दिवशी खाली बाकावर बसले असताना तिथली एक मुलगी आली. म्हणाली, "मावशी, बसलाच आहात तर तपासून घ्या. छातीची तपासणी आहे, आज फुकट आहे." मी नाही म्हणणार होते. पण सुवार्ता, मला आधीच माहीत होतं. डाव्या बाजूला, काखेजवळ, बोराच्या बी एवढं काहीतरी उन्हाळ्यापासून आहे. दुखत नाही. दुखत नाही म्हणून मी त्याला हात लावत नव्हते, आणि आंघोळ करताना नेमका हात तिथेच जात होता. कुणाला बोलले नाही. घरात नर्स असून.

मशिनीत घातलं, काढलं. नाव, वय, नंबर लिहून घेतला. माझाच नंबर, जो वरच्या मजल्यावर शिलूनंही दिला होता. मी विचारलं, "काही आहे का?" मुलगी म्हणाली, "डॉक्टर बघतील. काही असलं तर कळवू."

बघ, दोघींना एकच शब्द मिळाला. मी त्याचा अर्थ नेहमीसारखाच लावला. कळवू म्हणजे विषय संपला. शिलूच्या बाबतीत ज्या शब्दानं मी हिरमुसले, त्याच शब्दावर मी स्वतःसाठी निवांत झाले. वर जाऊन शिलूला काही बोलले नाही. तिचं तोंड उतरलेलं होतं.

आणि आता हा फोन. एक नंबर, आणि तो दिलेल्या बायका दोन.

गेला आठवडाभर मी साखराबाईच्या मागे लागले आहे. "साखराबाई, ती नेमकं काय म्हणाली? 'सिस्टर' म्हणाली की 'सिस्टरला' म्हणाली? म्हणजे 'मी सिस्टर बोलतेय, परत बोलावलंय' असं म्हणाली का?"

"अवो बाई, एवढं कोन ध्यानात ठिवतंय? शिष्टर म्हनली, परत बोलीवलंय म्हनली."

"'ला' होता का? सिस्टर-ला?"

"असंल की 'ला'. 'ला' बिगर कसं म्हनंल? तुमी कावून एवढं इचारायल्या? पोरीचं भलं हुतंय ते बघवंना का तुमाला?"

असं म्हणाली मला. मी हसले. ती आणखी चिडली. "एवढ्या शिकलेल्या, आन् एका 'ला' साठी माजा जीव खायल्या."

आयुष्यभर मी पोरांकडून विभक्तीचे प्रत्यय घोकून घेतले. स, ला, ते. कुणी चुकलं की पुन्हा म्हणायला लावायचे. आणि आज माझा सगळा जीव एका 'ला'वर टांगलेला आहे, जो कुणी म्हटला होता की नाही हेच कुणाला ठाऊक नाही. तो होता, तर शिलूला नोकरी आहे. तो नव्हता, तर...

परवा मी धीर करून त्या नंबरला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला. "हॅलो, सिस्टर बोलतेय." तेच शब्द गं. अगदी तेच असणार. मी फोन कापला. मग तिकडूनच दोनदा फोन आला, मी तो गादीखाली घालून वर बसून राहिले, कोंबडी बसावी तशी. तेव्हाच मला कळलं होतं. तुला विचारलं ते उत्तरासाठी नाही, तू माझा अंदाज चुकीचा ठरवशील या आशेनं.

तुझ्या पत्रानं आता तेही राहिलं नाही. रागावले नाहीये. खरंच नाही.

भीती कशाची वाटते ते लिहू का? मरणाची नाही, असं लिहायला छान दिसेल, पण वाटते, त्याचीही वाटते. पण त्याहून जास्त मला शब्दांची वाटते आहे. तुला आठवतं, आठवीत असताना पार्लरची घंटा माझ्यासाठी झाली होती? मामा आले होते. सिस्टर लुईजांनी माझी वेणी स्वतः नीट केली आणि म्हणाल्या, "आईला थोडं बरं नाही. घरी जाऊन ये." तू फाटकापर्यंत आलीस, माझी पेटी धरून. प्रवासभर मामा मला केळी खायला देत होते. युसूफ वडगावला पोचलो तेव्हा आमच्या दारात माणसं बसलेली होती, बायका भिंतीला टेकून. ते बघून मला समजलं. कुणी सांगितलं नाही. त्या सगळ्यांनी मायेनंच केलं, मला ठाऊक आहे, पण ती केळी मला अजून खाववत नाहीत.

आईला काय झालं होतं तेही कुणी नाव घेऊन सांगितलं नाही. 'छातीचं दुखणं' म्हणाले. मी ते हृदयाचं धरलं. लग्न झाल्यावर, एक दिवस काकू बोलता बोलता म्हणाली की शेवटी तिला चोळी घालवत नव्हती. तेव्हा कुठे मला छाती या शब्दाचा दुसरा अर्थ लागला. मराठीच्या शिक्षिकेला!

म्हणून अनिलला मुलगी झाली तेव्हा मी हट्टानं नाव ठेवलं, सत्यशीला. ही गोष्ट मी तिला लहानपणापासून सांगत आले. आणि ती मुलाखतीत "खरं सांगीन" म्हणाली आणि परत आली. माझ्यामुळेच, एका अर्थी.

आता तीच पोर आतल्या खोलीत पांढऱ्या युनिफॉर्मला इस्त्री करते आहे. गेले चार-पाच दिवस रोज एकदा करते. आणि मी स्वयंपाकघरात बसून तिला केळी खायला घालते आहे. तसंच झालं ना हे?

बुधवारी काय करू? न जाऊन चालणार नाही, मी गेले नाही तर ती एकटी जाईल आणि काउंटरवर सगळ्यांसमोर तिला सांगतील, बाई, तुम्हाला कुणी बोलावलं? गेले, तर माझ्यासमोर सांगतील. आज-उद्या मीच सांगून टाकावं. सकाळपासून तोंडापर्यंत येतं आणि ती म्हणते, "आत्या, चहा टाकू?" आणि मी म्हणते, "टाक."

तिची नोकरी माझ्या तोंडून जायला नको, असं वाटतं. आणि दोन्ही एका वाक्यात सांगावं लागेल. ते बोलावणं तुझं नाही, माझं आहे.

तू प्रार्थना करतेस ना, ती कर. मी इथे त्रिसरण म्हणते, पण मध्येच विसरते.

यशो

•

केज,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुवार्ता,

काल जाऊन आलो. डावा हात जरा जड आहे, पण लिहिते उजव्यानं, तेव्हा अक्षराला निमित्त नाही.

सकाळी मी इरकल नेसून तयार झाले तर शिलू साध्या पंजाबी ड्रेसवर. युनिफॉर्म तसाच हँगरला, खिडकीत. मी म्हटलं, "तो नाही घेतलास?"

"पहिल्याच दिवशी थोडाच घालायचा असतो," म्हणाली. माझ्याकडे न बघता पाण्याची बाटली भरत होती.

साखराबाई दारात दह्याची वाटी घेऊन उभी. शिलूच्या हातावर दही दिलं, "मोटी शिष्टर हो," म्हणाली. शिलूनं ते चाटलं आणि वाटी माझ्याकडे वळवली. "आत्याला पण दे की, साखरामाय." साखराबाई म्हणाली, "बाईला कशाला? त्या कुठं मुलाखतीला चालल्या?"

बसमध्ये मी ठरवलं, होळच्या आत सांगायचं. होळ आलं, गेलं. मग म्हटलं, लोखंडी सावरगाव. तेही गेलं. शिलूनं माझा हात तिच्या मांडीवर घेऊन ठेवला होता आणि बोटं नाडीवर. नर्सांची सवय, मी म्हटलं.

काउंटरपाशी गर्दी होती. मी तिला मागे ओढलं. "शिलू, थांब. मला तुला एक..." आणि ती पुढे झाली. काचेच्या भोकापाशी वाकली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"यशोधरा वाघमारे यांना परत बोलावलंय. छातीच्या तपासणीसाठी. मी त्यांच्यासोबत आलेय."

मी खांब धरला.

त्याच बाकावर बसवलं तिनं मला, ज्या बाकावर मी शिबिराच्या दिवशी बसले होते. पाणी पाजलं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच संध्याकाळी. गच्चीवरून फोन लागला होता."

"लागत नाही म्हणालीस."

"हो. खोटं बोलले."

"आणि ते पेढे? युनिफॉर्म? रोज इस्त्री..."

"आत्या, तुला तपासणीला चल म्हटलं असतं तर तू आली असतीस? गुडघा दुखला असता, नाहीतर बँकेचं काम निघालं असतं. माझ्या नोकरीसाठी तू जहन्नममध्येही आली असतीस. म्हणून म्हटलं, राहू दे. गल्लीला वाटतंय ते वाटू दे. बारा तारखेपर्यंत."

बारा दिवस सुवार्ता, ही पोर सगळ्यांकडून अभिनंदन घेत होती. आईला फोनवर "हो गं, लागेल" म्हणत होती. माझ्या डोक्याला तेल लावत होती. मी तिला फसवतेय असं समजून मी कुढत होते आणि तिनं माझ्यासाठी स्वतःची अब्रू टांगणीला लावली होती. मला राग यायला हवा होता. मी तिच्या खांद्याला डोकं टेकलं आणि रडले, सगळ्या पेशंट बायकांसमोर. एका बाईनं विचारलं, "कोन वारलं का?" शिलू म्हणाली, "नाही मावशी, कुणी नाही."

आत घेतलं. सोनोग्राफी झाली, मग सुईनं तुकडा काढायचा म्हणाले. शिलूनं 'मी नर्स आहे' असं सांगून आत राहायची परवानगी काढली. तिथे एक पोक्तशा बाई सगळ्यांवर देखरेख करत होत्या, पांढरी साडी, निळा काठ. त्यांनी शिलूकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्या मुलाखतीतल्याच मेट्रन, हे मला मागून कळलं.

सुई जवळ आली तेव्हा माझा धीर सुटला. मी पाय ओढून घेतले, लहान मुलासारखे. शिलूचा हात घट्ट धरला आणि तोंडून निघून गेलं, "सिस्टर, माझं काय होईल?"

आत्यानं भाचीला सिस्टर म्हटलं. मुद्दाम नाही गं. त्या खोलीत ती मला तीच दिसली.

ती वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "मला माहीत नाही आत्या. डॉक्टरांनाही आज माहीत नाही. कळलं की खरं सांगीन. सगळं एकदम नाही, तू विचारशील तेवढं. आणि तोवर मी इथून हलत नाही."

मुलाखतीत ती दोनच शब्द बोलली होती. पुढचं तिला या बारा दिवसांत सुचलेलं असणार.

सुई गेली. दुखलं. आवाज खटकन् होतो, बंदुकीसारखा, त्याची आधी कल्पना द्यायला हवी, हे तू तुझ्या मुलींना शिकवलं असशीलच.

बाहेर आल्यावर शिलू सरळ त्या मेट्रनबाईंसमोर जाऊन उभी राहिली. मी बाकावरून ऐकत होते.

"मॅडम, एकदा नाही म्हटलेल्या मुलीला तुम्ही परत बोलावता का?"

त्या तिच्याकडे वळल्या. "खरं सांगीन म्हणणारी तूच ना?"

"हो."

"त्या दिवशी अर्धंच उत्तर दिलंस. आज आत पुरं दिलंस, मी ऐकलं." मग म्हणाल्या, "बोलावतो कधी कधी. आत्ता जागा नाही. झाली की कळवू."

शिलू परत आली, माझ्या शेजारी बसली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मघाशी मला डॉक्टरही तेच म्हणाले होते, "आठ-दहा दिवसांत रिपोर्ट येईल, कळवू." आम्हाला हसू फुटलं, सुवार्ता. दोघी त्या बाकावर बसून खिदळत होतो, डोळे पुसत होतो, आणि मघाची ती बाई आम्हाला घाबरून दूर सरकली.

घरी आलो तर गल्ली दारात. साखराबाई सगळ्यात पुढे. "कवापासून जायचं?"

शिलूनं चपला काढायच्या आत सगळं सांगितलं. फोन कुणासाठी होता, कशासाठी होता, एकही शब्द न गाळता. कॅन्सर हा शब्दही वापरला, "असेल किंवा नसेल" म्हणून. साखराबाई तिथेच पायरीवर बसली. बराच वेळ आपलेच कान चोळत होती.

"मला वाटलं पोरीचं..." म्हणाली. "माजे कान जळोत. आन् वर मी तुमालाच बोलले."

"तू फोन उचलला नसतास तर आम्ही गेलोच नसतो," शिलू म्हणाली.

"पेढे मातूर परत मागू नगा," साखराबाई म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. संध्याकाळी पिठलं-भाकरी घेऊन आली. माझ्यासमोर बसून राहिली, मी शेवटचा घास खाईपर्यंत.

वनमालावहिनीला शिलूनं रात्री स्वतः सांगितलं. ती उद्या येते आहे. पुण्याच्या ब्युरोचं शिलूनं तूर्त पुढे ढकललंय, माझा रिपोर्ट येईपर्यंत. मी म्हटलं, माझ्यासाठी तुझं नुकसान नको. ती म्हणाली, "तू म्हातारी बाई, मी घरी राहून तुझं करणार, तेच ब्युरोचं काम आहे. पगार तेवढा दे." द्वाड आहे.

मी घाबरलेलीच आहे. हे लिहिल्याशिवाय पत्र संपवणार नाही, नाहीतर तू पुन्हा विचारशील, वाक्य अर्धं का सोडलंस. सकाळी जाग आली की दोन क्षण काही आठवत नाही आणि मग आठवतं. आईची चोळी आठवते. फोन वाजला की मी हातातलं काम टाकते आणि शिलूही टाकते. एकाच नंबरवर आम्ही दोघी वाट बघतोय, एक बोलावणं येऊ नये म्हणून आणि एक यावं म्हणून, आणि वाजताना दोन्ही सारखेच वाजतात. फोन आता ओसरीवर नसतो, आमच्या दोघींच्या मध्ये असतो. कुणासाठीही असला तरी उचलायचा तिनं, असं ठरलंय. साखराबाई त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

युनिफॉर्म अजून खिडकीत आहे. काढू का विचारलं, तर राहू दे म्हणाली.

तू आठवीत पेटी धरून फाटकापर्यंत आली होतीस. त्याच्या पुढे मुलींना जायची परवानगी नव्हती. आताही तुझे गुडघे तुला यायची परवानगी देणार नाहीत, मला ठाऊक आहे. फाटकाशी उभी राहा म्हणजे झालं.

जे असेल ते, तुला मी 'कळवू' म्हणणार नाही.

कळवीन.

तुझीच,
यशो